थंडीत डिझेल इंजिन पेटत नाही तेव्हा : आधी धूर पाहा, मग पाना उचला

निफाड, दिंडोरी, चांदवड या पट्ट्यात डिसेंबर-जानेवारीत पारा पाच-सहा अंशांपर्यंत, काही वर्षी त्याच्याही खाली उतरतो, आणि नेमक्या त्याच दिवसांत द्राक्षबागेची सकाळची फवारणी चुकवून चालत नाही. आदल्या संध्याकाळपर्यंत विनातक्रार चाललेला ट्रॅक्टर किंवा पिकअप सकाळी नुसता सेल्फवर फिरत राहतो आणि शेवटी बॅटरी उतरते. मग बॅटरी बदलली जाते, त्यानंतर हीटर प्लग (सुरू करताना आतली हवा तापवणारा विजेचा प्लग), त्यानंतर नोझल (डिझेल फवारणारा भाग), आणि एवढा खर्च होऊन गेल्यावर कारण भलतेच निघते. हे टाळता येते. इंजिन ज्या खुणा देत असते त्या आधी ओळखायच्या, साध्या मोजमापाने खात्री करून घ्यायची आणि त्यानंतरच सुट्या भागाला हात घालायचा, या क्रमाने येथे सर्व तपासणी मांडली आहे.

ठिणगीशिवाय पेटणारे इंजिन

डिझेल इंजिनात स्पार्क प्लग नसतो. पिस्टन वर येताना सिलिंडरमधली हवा मूळ आकारमानाच्या सोळाव्या ते बाविसाव्या हिश्शात दाबली जाते, त्या दाबाने ती तापते आणि नोझलने फवारलेले डिझेल त्या तापलेल्या हवेत आपोआप पेट घेते. सायकलमध्ये हवा भरताना पंपाचा तळ गरम लागतो, त्यामागचे तत्त्व हेच. म्हणून डिझेल इंजिनाच्या सकाळच्या प्रत्येक तक्रारीत विचारायचा प्रश्न एकच असतो : हवेत तयार व्हायला हवी होती ती उष्णता गेली कुठे?

ढोबळ हिशोब करून पाहू. कॉम्प्रेशन रेशो 18 असलेले, म्हणजे हवा अठराव्या हिश्शात दाबणारे इंजिन गरम आहे, नेहमीच्या वेगाने चालले आहे आणि 27 अंशांची हवा आत घेत आहे, तर दाबाच्या शेवटी त्या हवेचे तापमान साडेपाचशे अंशांच्या आसपास जाते. तेच इंजिन रात्रभर गारठलेले असेल, हवा 5 अंशांची असेल आणि सेल्फ रेंगाळत फिरत असेल, तर हा आकडा तीनशेच्या आसपासच राहतो. उघड्या हवेच्या दाबाला डिझेल साधारण 210 ते 250 अंशांना स्वतःहून पेटते, त्यामुळे तीनशे अंश कागदावर पुरेसे वाटतात. पण फवारलेल्या थेंबांची आधी वाफ व्हावी लागते, ती होताना आसपासची हवा आणखी थंड होते, मग वाफ हवेत मिसळावी लागते आणि त्यानंतर ज्वलनाची रासायनिक क्रिया वेग धरते. डिझेल आत पडल्यापासून पेट घेईपर्यंतच्या या काळाला प्रज्वलन विलंब म्हणतात. हवा जितकी थंड, तितका हा विलंब लांबतो. तो फार लांबला की पिस्टन खाली उतरू लागतो, हवा पसरून थंड होते आणि न पेटलेले डिझेल धुक्यासारखे सायलेन्सरमधून बाहेर पडते.

यात वेगाचा वाटा किती मोठा आहे हे लक्षात घ्यावे. सेल्फ इंजिनाला मिनिटाला 150 फेरे देत असेल तर पिस्टनला खालून वर यायला 0.2 सेकंद लागतात, 250 फेऱ्यांना 0.12 सेकंद, आणि 800 फेऱ्यांच्या आयडलला (भाराविना संथ चालू इंजिनाला) जेमतेम 0.04 सेकंद. वर येण्यास वेळ जितका जास्त, तितकी उष्णता सिलिंडरच्या थंड भिंतींत शोषली जाते आणि तितकी हवा पिस्टनच्या रिंगांच्या फटीतून निसटते. त्यामुळे अशक्त बॅटरी इंजिनाला नुसते हळू फिरवत नाही, तर त्यातली हवाही थंड ठेवते. सेल्फशिवाय घरंगळत सुरू करता यावा म्हणून ट्रॅक्टर उतारावर लावून ठेवण्याची सवय आमच्याकडे फार आहे. गरजेला ती उपयोगी पडते खरी, पण एरवी दिसले असते ते दुखणे त्याने महिनोन्महिने झाकले जाते.

पहिली पायरी : सायलेन्सरकडे बघा

एका माणसाने सेल्फ मारावा आणि दुसऱ्याने सायलेन्सरच्या बाजूला, तोंडासमोर न येता, उभे राहून धूर पाहावा. दहा सेकंद पुरतात. ही तपासणी फुकट आहे आणि पुढची निम्मी शोधाशोध तीच वाचवते.

धूर अजिबात नसेल, तर सिलिंडरपर्यंत डिझेल पोहोचतच नाही. अशा इंजिनाला हीटर प्लग बदलून किंवा रिंगा पाहून काहीही साधणार नाही. पांढरा किंवा करडा, दाट, डोळ्यांना झोंबणारा आणि कच्च्या डिझेलचा वास असलेला धूर येत असेल, तर डिझेल आत पडते आहे पण पेटत नाही, म्हणजे उष्णता कमी पडते आहे किंवा फवारा बिघडला आहे. सकाळच्या गारव्यात सुरू झालेल्या इंजिनातून पाण्याची वाफही निघते, मात्र ती डोळ्यांना झोंबत नाही आणि काही फुटांवर विरून जाते. डिझेलचे धुके जमिनीलगत रेंगाळत राहते. निळा धूर ऑईल जळत असल्याचा, काळा धूर हवेच्या मानाने डिझेल जास्त झाल्याचा. हे दोन रंग सहसा इंजिन सुरू झाल्यावर दिसतात.

आणखी एक प्रश्न स्वतःलाच विचारावा : तक्रार थंड इंजिनाची आहे की गरम इंजिनाचीही? सकाळी त्रास आणि दिवसभर एका झटक्यात सुरू, तर संशय उष्णतेशी संबंधित गोष्टींवर किंवा रात्रीत उतरणाऱ्या डिझेलवर घ्यावा. उलट सकाळी सहज सुरू होते आणि तापल्यावर बंद केले की परत उठत नाही, असे कॉमन रेल इंजिन (सर्व इंजेक्टरांना, म्हणजे संगणकाने उघडणाऱ्या नोझलांना, एकाच जास्त दाबाच्या नळीतून डिझेल देणारे) असेल तर गरम होऊन पातळ झालेले डिझेल इंजेक्टरच्या रिटर्नमधून जास्त निसटत असण्याची शक्यता मोठी. त्या दुखण्याचा थंडीशी संबंध नाही, म्हणून ते येथेच सोडतो.

धूर नसेल तर

सर्वांत आधी स्टॉपची केबल पाहावी. इंजिन बंद करण्याचा नॉब आत ढकलला तरी गंजलेली केबल पंपावरचा लिव्हर अर्धवट ओढून ठेवते, आणि थंडीत घट्ट झालेले जुने ग्रीस त्यात भर घालते. बॉनेट उघडून लिव्हर हाताने पूर्ण मागे जातो का ते पाहणे एवढेच काम आहे. जिथे नॉबऐवजी विजेचा सोलेनॉइड असतो, तिथे चावी फिरवताच पंपाजवळ ‘टक’ असा आवाज यायला हवा.

त्यानंतर एअर, म्हणजे डिझेलच्या पाइपात शिरलेली हवा. टाकीपासून फीड पंपापर्यंतच्या (टाकीतून डिझेल ओढणाऱ्या पंपापर्यंतच्या) पाइपात ओढीचा दाब असतो, त्यामुळे सैल क्लॅम्प, चिरलेला रबरी पाइप किंवा बसलेला वॉशर यांतून डिझेल बाहेर गळताना दिसत नाही. उलट हवा आत शिरते आणि रात्रीत पाइपातले डिझेल टाकीकडे उतरते. फीड पंपाच्या आधी हातभर पारदर्शक पाइप तात्पुरता जोडला तर बुडबुडे डोळ्यांनी दिसतात. एअर काढताना फिल्टरवरचा ब्लीड स्क्रू थोडा सैल करून फीड पंपाचा हातदांडा फेसाळ डिझेल संपून सलग धार येईपर्यंत मारावा, स्क्रू धार चालू असतानाच आवळावा, मग तेच पंपावरच्या स्क्रूपाशी करावे. जुन्या मेकॅनिकल पंपाच्या इंजिनात यानंतर नोझलकडची नटे अर्धा फेरा सैल करून सेल्फवर उरलेली एअर काढतात. कॉमन रेल इंजिनात मात्र जास्त दाबाच्या पाइपांच्या नटांना कधीही हात लावू नये. चालू इंजिनात तिथला दाब हजार बारच्याही (एक बार म्हणजे साधारण आपल्याभोवतीच्या हवेचा दाब) वर जातो आणि अशी बारीक धार कातडी भेदून आत शिरते. ती जखम वरून किरकोळ दिसली तरी तातडीने शस्त्रक्रिया लागण्याइतकी गंभीर असते.

पाणी वेगळे करणाऱ्या फिल्टरचा खालचा स्क्रू उघडून काचेच्या ग्लासात नमुना घ्यावा. टाकी रात्रभर अर्धी रिकामी राहिली की आतल्या दमट हवेतले पाणी पत्र्यावर सुटते आणि तळाशी साचते. याच कारणासाठी थंडीत काम संपल्यावर टाकी भरून ठेवावी.

कॉमन रेल गाडीत एअर नाही, फिल्टर स्वच्छ आहे, तरीही धूर नाही, तर स्कॅनर (गाडीच्या संगणकातली माहिती दाखवणारे यंत्र) जोडून सेल्फ मारताना रेलचा, म्हणजे त्या सामायिक नळीचा, दाब वाचून घ्यावा. बहुतेक इंजिनांत तो सुमारे 200 बारच्या वर गेल्याशिवाय संगणक इंजेक्टर उघडतच नाही. बॅटरी खचून सेल्फ हळू फिरत असेल तर पंप हा दाब तयार करू शकत नाही आणि दोष पंपाचा वाटतो. म्हणून पंप उतरवण्याआधी पुढचा भाग वाचून विजेची बाजू तपासावी.

पांढरा धूर असेल तर : वेगापासून सुरुवात

रात्रभर उभ्या राहिलेल्या 12 व्होल्टच्या बॅटरीवर सकाळी कोणताही दिवा न लावता मल्टिमीटर धरावा. 12.6 म्हणजे भरलेली, 12.4 म्हणजे सुमारे तीन चतुर्थांश, 12.2 म्हणजे अर्धी, आणि 12 च्या खाली असेल तर ती आधी चार्जिंगला लावावी, पुढची तपासणी नंतर. मग सेल्फ मारताना व्होल्टेज पाहावे. ते 9.6 च्या खाली जात असेल तर बॅटरी खचली आहे, सेल्फ अडकतो आहे किंवा इंजिनच फार जड फिरते आहे.

पण बॅटरी उत्तम असूनही सेल्फ रेंगाळतो, आणि याचे कारण फार वेळा केबलमध्ये असते. स्टॉप नॉब ओढून इंजिन सुरू होणार नाही याची खात्री करावी. मीटरची एक तार बॅटरीच्या धन खांबावर, दुसरी सेल्फच्या जाड केबलच्या बोल्टवर टेकवून सेल्फ मारावा. वाचन अर्ध्या व्होल्टच्या वर गेले तर तेवढा विजेचा दाब वाटेतच वाया जातो आहे. हीच मोजणी ऋण खांब आणि सेल्फचे धड यांच्यात करावी. अर्थिंगच्या पट्टीखाली रंग, गंज आणि चिखल साचलेला असतो. ती सोडवून, सँडपेपरने धातू उघडा करून पुन्हा आवळली की सेल्फ नव्याने जीव धरतो. नवी बॅटरी घेण्याआधी हे दहा मिनिटांचे काम प्रत्येकाने करावे, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

ऑईलही वेग खाते. 15डब्ल्यू-40 हे ऑईल महाराष्ट्रातल्या कोणत्याही थंडीला पुरेसे पातळ राहते, कारण त्यातला 15डब्ल्यू हा आकडा उणे 20 अंशांनाही सेल्फने इंजिन फिरवता यावे अशा कसोटीवर ठरतो. जुन्या इंजिनात ‘ऑईल कमी खाते’ म्हणून एकेरी ग्रेडचे जाड ऑईल ओतलेले असेल, तर सकाळचा त्रास तिथूनच आलेला असू शकतो. सेल्फ मारताना क्लच दाबून ठेवावा, म्हणजे गिअरबॉक्समधले घट्ट ऑईल घुसळण्याचा भार सेल्फवर पडत नाही. ट्रॅक्टरवर पीटीओ (अवजारांना गती देणारा मागचा फिरता दांडा) सुटलेला असावा.

हीटर प्लग खरोखर तापतात का

ज्या इंजिनात वेगळी प्रीचेंबर (सिलिंडरला जोडलेली, डिझेल आधी जिथे फवारले जाते ती लहान पोकळी) असते, तिथे भिंतींचे क्षेत्रफळ जास्त असल्याने उष्णता लवकर निघून जाते. म्हणून अशी जुनी जीप किंवा पिकअप हीटर प्लगशिवाय थंडीत उठतच नाही. आपल्याकडचे बहुतेक ट्रॅक्टर थेट फवाऱ्याचे, म्हणजे डिझेल सरळ सिलिंडरमध्ये फवारणारे आहेत आणि त्यांना हीटर प्लग नसतो. काही जुन्या मॅसी फर्ग्युसनसारख्या ट्रॅक्टरांवर इनटेकमध्ये थर्मोस्टार्ट असतो, जो थोडे डिझेल पेटवून आत जाणारी हवा तापवतो. चावी हीटच्या खुणेवर पंधरा-वीस सेकंद धरून मग सेल्फ मारावा. त्याला डिझेल पुरवणारा बारीक पाइप मागच्या कोणीतरी बंद करून टाकलेला नाही ना, हेही पाहावे.

डॅशबोर्डवरचा पिवळा वेटोळ्याचा दिवा विझला म्हणजे प्लग तापले, असा समज आहे. तो दिवा फक्त टायमर संपल्याचे सांगतो. प्रत्यक्ष तपासणीसाठी चावी बंद करून सर्व प्लगांना जोडणारी पट्टी सोडवावी. मल्टिमीटर सर्वांत कमी ओहमच्या खुणेवर ठेवून आधी त्याच्या दोन्ही पिना एकमेकींना टेकवाव्यात. 0.2 किंवा 0.3 असा जो आकडा येईल तो तारांचा स्वतःचा असतो आणि प्रत्येक वाचनातून वजा करायचा. मग एक पिन प्लगच्या टोकाला, दुसरी इंजिनाच्या घासून स्वच्छ केलेल्या धातूला लावावी. 12 व्होल्टचा धातूचा प्लग साधारण 0.5 ते 1.5 ओहम दाखवतो. मीटर हललेच नाही तर आतली तार तुटलेली आहे. ओहमचे वाचन ठीक असूनही प्लग टोकाऐवजी मध्येच तापत असू शकतो, म्हणून क्लॅम्प मीटर असेल तर प्रत्येक प्लगचा प्रवाह मोजणे अधिक भरवशाचे. तो सुरुवातीला पंधरा-वीस अँपिअरच्या घरात जाऊन, प्लग तापत जाईल तसा, दहाच्या आसपास स्थिरावतो.

सगळेच प्लग एकदम ‘मेले’ असे दिसले तर त्या निष्कर्षावर लगेच विश्वास ठेवू नये. आधी पट्टीवर व्होल्टेज येते का ते पाहावे. बहुधा रिले किंवा जाड फ्यूज गेलेला असतो. नव्या गाड्यांत कूलंटच्या तापमानाचा सेन्सर बिघडून थंड इंजिनालाही ‘गरम’ सांगत असेल, तर प्लगांना वीजच सोडली जात नाही. स्कॅनरवर सकाळी कूलंटचे आणि बाहेरच्या हवेचे तापमान जवळजवळ सारखे दिसायला हवे.

प्लग काढायचा झाल्यास आदल्या रात्री गंज सोडवणारे तेल सोडावे, इंजिन गरम असताना हलक्या हाताने पाना लावावा, आणि प्लग हटून बसला तर जोर न करता थांबावे. आत तुटलेला प्लग काढण्यासाठी हेड उतरवायची वेळ येते. बाहेर आलेल्या प्लगचे टोक वितळलेले किंवा जळून बारीक झालेले असेल, तर समोरचा नोझल ठिबकतो आहे. नोझल तसाच ठेवून नवा प्लग घातला तर तोही जाईल. आणि नव्या इंजिनांतले काही प्लग सात, पाच किंवा त्याहून कमी व्होल्टचे असतात. ते तपासण्यासाठी थेट बॅटरीला लावले की क्षणात जळतात, म्हणून प्लगवर छापलेला आकडा आधी वाचावा.

नोझल, टायमिंग आणि कॉम्प्रेशन

वेग आणि उष्णता दोन्ही ठीक असूनही पांढरा धूर राहिला तर नोझल काढून पंप-नोझलच्या दुकानात टेस्टरवर लावावेत. थेट फवाऱ्याच्या मेकॅनिकल इंजिनात ते साधारण 180 ते 250 बारला उघडतात आणि फवारा धुक्यासारखा बारीक, टोकाशी थेंब न ठेवणारा असावा लागतो. मोठे थेंब गरम इंजिन कसेबसे पचवते, थंड इंजिनात त्यांची वाफच होत नाही. पंप नुकताच उतरवून बसवला असेल आणि त्रास तेव्हापासून असेल, तर टायमिंगची खूण पुन्हा जुळवून घ्यावी. डिझेल उशिरा पडत असेल तर त्याला तापलेल्या हवेत थांबायला वेळच उरत नाही.

कॉम्प्रेशन सर्वांत शेवटी, कारण त्याचा उपाय सर्वांत महाग. आधी व्हॉल्व्हचा गाळा (व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणारा भाग यांच्यातली फट) मोजावा. घट्ट झालेला व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही आणि रिंगांचा दोष नसताना दाब जातो. मग डिझेलसाठीचाच गेज वापरून, बॅटरी पूर्ण भरलेली असताना प्रत्येक सिलिंडर पाहावा. निरोगी इंजिन सहसा 25 ते 35 बार देते. वीसच्या खाली थंडीत भरवसा उरत नाही, आणि एखादा सिलिंडर इतरांपेक्षा तीन-चार बारने मागे असेल तर सुरू झाल्यावर पहिला मिनिटभर इंजिन तिथेच थरथरते.

सेल्फ मारण्याची रीत

चावी फिरवून हीटरचा दिवा विझू द्यावा. कडाक्याच्या थंडीत जुन्या गाडीला हा फेरा दोनदा द्यावा. क्लच दाबून एका वेळी दहा ते पंधरा सेकंद सेल्फ मारावा आणि मध्ये किमान मिनिटभर थांबावे, कारण या विश्रांतीत बॅटरी सावरते आणि सेल्फची वाइंडिंग थंड होते. मेकॅनिकल पंपाच्या ट्रॅक्टरवर हातातला थ्रॉटल अर्ध्यापुढे ठेवावा, म्हणजे पंप सुरुवातीला जादा डिझेल देतो, आणि इंजिन धरताच तो मागे घ्यावा. कॉमन रेल गाडीत अ‍ॅक्सिलरेटरला पाय लावू नये. डिझेल किती सोडायचे ते संगणक कूलंटच्या तापमानावरून ठरवतो.

ईथरचा स्प्रे (इंजिन उठवण्यासाठी हवेच्या मार्गात मारतात तो झटकन पेटणारा द्रव) हीटर प्लग किंवा थर्मोस्टार्ट असलेल्या इंजिनात कधीही मारू नये. ईथर डिझेलच्याही आधी पेटतो, तापलेल्या प्लगवर पडताच पिस्टन वर येण्यापूर्वी भडकतो आणि त्यात पिस्टन, रिंगांच्या खाचा, कधी हात-तोंडही भाजते. एअर फिल्टरपाशी पेट्रोलचा बोळा धरणे किंवा टाकीखाली जाळ करणे याहूनही वाईट. डिझेलमध्ये रॉकेल मिसळल्याने पंपाचे वंगण कमी होते, आणि मुळात निफाडच्या थंडीत त्याची गरजच नसते. भारतीय मानकानुसार डिझेलचा सीटेन (डिझेल किती लवकर पेट घेते हे सांगणारा आकडा) किमान 51 हवा. तो जितका कमी, तितका प्रज्वलन विलंब वाढतो, आणि भेसळीने तो खालीच येतो.

सुरू झाल्यावर ऐकू येणारी खडखड बहुतांशी त्याच विलंबाची असते. साचलेले डिझेल एकदम पेटते आणि दाब झटक्याने चढतो. दोन-तीन मिनिटे आयडलला ठेवून ऑईलचा दाब आला की हलक्या भाराने काम सुरू करावे. अर्धा तास नुसते आयडलला ठेवल्याने थंड भिंतींवरचे न जळलेले डिझेल ऑईलमध्ये उतरते, म्हणून ते टाळावे.

लेह-स्पितीला जाणाऱ्यांसाठी

महाराष्ट्रातून डिझेल गाडी घेऊन हिमालयात जाणाऱ्यांची अडचण वेगळी असते. मानकानुसार साध्या डिझेलला पोअर पॉइंटची, म्हणजे ज्या तापमानाखाली ते वाहायचे थांबते त्याची, कमाल मर्यादा हिवाळ्यात 3 अंश आणि उन्हाळ्यात 15 अंश आहे. त्याच्या खाली डिझेलमधले मेण घट्ट होऊन फिल्टर बुजतो आणि सकाळी धूर अजिबात दिसत नाही. इंडियन ऑईलने नोव्हेंबर 2019 मध्ये लडाखसाठी उणे 33 अंशांपर्यंत वाहते राहणारे हिवाळी डिझेल आणले. खालून भरलेले डिझेल चढणीवरच संपेल असा हिशोब ठेवून वर पोहोचताच स्थानिक पंपावर टाकी भरावी आणि त्यानंतर गाडी दहा-पंधरा किलोमीटर चालवावी, म्हणजे फिल्टर आणि पाइपातही तेच डिझेल येते. टाकीत बदलले आणि फिल्टरमध्ये जुनेच राहिले, तर सकाळी गाडी तशीच अडते.